एस च्या आधी की एस च्या नंतर?

वाचकांचे प्रश्न : इंग्रजीच्या शंका

गेल्या अंकात रजेच्या अर्जाचा एक नमुना दिला होता आणि त्यात “थ्री डेज’ लीव्ह” असं छापलं होतं, म्हणजे डेज पूर्ण लिहून झाल्यावर शेवटी वरती एक अपॉस्ट्रॉफी. त्या एका खुणेवरून इतके मेसेज आणि पत्रं आली की ह्या वेळची सगळी जागा तिलाच द्यायची ठरवली. बरेच प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत. वाचायला सुरुवात करायच्या आधी एकच गोष्ट, इंग्रजी शब्द इथे देवनागरीत आहेत त्यामुळे खूण कुठे बसलीय ते नीट बघा. “गर्ल’स” असं दिसलं तर खूण एस च्या आधी, “गर्ल्स’” असं दिसलं तर एस लिहून झाला आणि मग खूण.

प्रश्न : माझी मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, आता पाचवीला इंग्रजीतून शिकते. वहीत तिने “द गर्ल’स बॅग्ज आर ऑन द बेंच” लिहिलं ते टीचरने चूक दिलं आणि खूण एस च्या नंतर टाकून दिली. पण त्याच पानावर “द चिल्ड्रन’स बॅग्ज” बरोबर दिलंय आणि तिथे खूण एस च्या आधी आहे. मुली पण अनेक, मुलं पण अनेक, मग एकाला आधी आणि एकाला नंतर का? ती मला विचारते आणि मला सांगता येत नाही. (एक आई, डिचोली)

उत्तर : ताई, तुमच्या मुलीने अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. बहुतेक मुलांना “एक असेल तर आधी, अनेक असतील तर नंतर” असं पाठ करायला सांगतात आणि ते अर्धंच खरं आहे, म्हणूनच चिल्ड्रन आलं की सगळी गडबड होते.

तिला असं सांगा की खुणेचा विचार आधी करायचाच नाही. आधी मालक किती आहेत ते बघायचं, ते अनेक असतील तर त्या शब्दाचं अनेकवचन नुसतं, खूण-बिण काही न लावता पूर्ण लिहून काढायचं. गर्लचं गर्ल्स. चाइल्डचं चिल्ड्रन. आता लिहिलेल्या शब्दाचं शेवटचं अक्षर बघायचं. गर्ल्सच्या शेवटी एस आधीच आहे, मग परत एस कशाला, नुसती खूण लावून मोकळं व्हायचं, झालं “गर्ल्स’”. चिल्ड्रनच्या शेवटी एन आहे, एस नाही, तर मालकी दाखवायला एस आणावाच लागतो आणि तो खूण घेऊन येतो, झालं “चिल्ड्रन’स”. म्हणजे दोन्हीकडे खूण अनेकवचन संपतं तिथेच बसलीय, अनेकवचन गर्ल्स आहे तर त्याच्या पुढे, चिल्ड्रन आहे तर त्याच्या पुढे. एकदा असं बघितलं की एस च्या आधी की नंतर हा प्रश्नच उरत नाही.

चिल्ड्रनसारखे शब्द रोजच्या वापरात फार नाहीत. मेन, विमेन, चिल्ड्रन, पीपल एवढे नीट आले तरी शाळेचं निम्मं काम होतं, मग टीथ, फीट, माइस, गीस हे कधीतरी येणारे. ह्या सगळ्यांना “मेन’स”, “विमेन’स”, “पीपल’स” असंच होणार. एक मात्र नक्की शिकवा, “चिल्ड्रन्स’” किंवा “विमेन्स’” असं एस च्या नंतर खूण लावून कधीच लिहायचं नाही, कारण चिल्ड्रन्स आणि विमेन्स हे शब्दच इंग्रजीत नाहीत.

आता तिचं वाक्य. खरं सांगायचं तर “द गर्ल’स बॅग्ज” हे इंग्रजी म्हणून चूक नाहीये, त्याचा अर्थ एकाच मुलीच्या बऱ्याच बॅगा असा होतो. तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय त्यात वरती चित्रात तीन मुली बसल्यात, म्हणून टीचरने ते चूक दिलं आणि ते योग्यच आहे. पण मला वाटतं तिचा गोंधळ कुठून आला ते बघायला हवं. मराठीत आपण मुलींचा डबा म्हणतो, मुलींची बॅग म्हणतो, मुलींचं दप्तर म्हणतो, मुलींच्या बॅगा म्हणतो, म्हणजे चा-ची-चं-च्या हे पुढच्या वस्तूप्रमाणे बदलत जातं, त्यामुळे मराठीतून आलेल्या मुलाचं लक्ष आपोआप वस्तूकडे जातं. बॅगा अनेक आहेत की एक, ह्यावर ते खूण ठरवायला बघतं. इंग्रजीत वस्तूचा ह्या खुणेशी काही म्हणजे काहीच संबंध नाही, एक बॅग असो नाहीतर पन्नास. तिला सांगा की वाक्य लिहिल्यावर पुढच्या वस्तूवर, म्हणजे बॅग्जवर, बोट ठेवून तो शब्द झाकायचा आणि फक्त मालकाकडे बघून खूण लावायची. आठवडाभर असं केलं की बोटाची गरज पडत नाही.

आणि मराठीनेच तिला ह्यातलं बरंचसं आधीच शिकवलंय हेही तिला कळू दे. मुलीचा डबा आणि मुलींचा डबा, ह्यात फरक किती? एक अनुस्वार. विद्यार्थ्याचा निकाल, विद्यार्थ्यांचा निकाल. तो अनुस्वार ती पहिलीपासून न चुकता देतेय, तेच काम इंग्रजीत ह्या खुणेची जागा करते. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना उगाच वाटत राहतं की आपण मागे आहोत, इंग्रजी व्याकरण म्हणजे काहीतरी वेगळीच गोष्ट आहे. तसं नाहीये, त्यांच्याकडे षष्ठी आहे, सामान्यरूप आहे, एक आणि अनेक ह्यातला फरक कानात पक्का आहे.

प्रश्न : वरच्यासारखंच मी वर्गात अनुस्वाराची युक्ती सांगते, पण मुलं “माझ्या बाबांचं दुकान” ह्याचं “माय फादर्स’ शॉप” करून आणतात. अनुस्वार आहे म्हणून खूण नंतर, असं त्यांचं म्हणणं. काय करू? (प्राथमिक शिक्षिका, सत्तरी)

उत्तर : बाई, हा प्रश्न आलेल्या सगळ्यांत मला जास्त आवडला, कारण ही चूक फक्त मराठी किंवा कोंकणी बोलणारं मूलच करेल आणि इंग्रजी व्याकरणाच्या छापील पुस्तकात तिच्याबद्दल एक ओळ सापडणार नाही.

आपल्याकडे अनुस्वार दोन कामं करतो. एक मोजायचं, दुसरं मान द्यायचं. मुलांचं दुकान म्हटलं की मुलं अनेक. बाबांचं दुकान म्हटलं की बाबा एकच, पण मान आहे म्हणून अनेकवचनासारखं बोललो. आजोबांची काठी, सरांची गाडी, बाईंचा तास, महाराजांचे किल्ले, ह्या सगळ्यांत माणूस एकच आहे. आणि गंमत बघा, आईला आपण अगं-तुगं करतो त्यामुळे आईचं दुकान म्हणताना अनुस्वार येतच नाही, म्हणून तीच मुलं “माय मदर’स शॉप” बरोबर लिहितात आणि फादरपाशी चुकतात. तुमच्या वह्या तपासून बघा, मदर बरोबर आणि फादर चूक अशी जोडी बऱ्याच वह्यांत सापडेल.

इंग्रजीत मान दाखवायला अनेकवचन वापरत नाहीत. राजा असो नाहीतर शेजारचा मुलगा, एक म्हणजे एक. म्हणून अनुस्वाराची युक्ती सोडू नका, फक्त तिच्या जोडीला एक प्रश्न द्या: “किती जण?” बाबांचं दुकान, किती बाबा? एक. “फादर’स”. सरांची गाडी, किती सर? एक. “सर’स कार”, अजून चांगलं म्हणजे “अवर टीचर’स कार”. आजी-आजोबांचं घर, किती जण? दोन. “माय ग्रँडपेरेंट्स’ हाऊस”. शिक्षकांची खोली, किती शिक्षक? सगळे. “टीचर्स’ रूम”.

फळ्यावर दोन रकाने करा, एका बाजूला मानाचा अनुस्वार आणि दुसऱ्या बाजूला मोजणीचा, आणि मुलांनाच शब्द सांगायला लावा. मामांचं, काकांचं, मित्रांचं, शेजाऱ्यांचं, मुख्याध्यापकांचं, देवांचं. देवांचं आलं की वर्गात वाद होईल कारण ते दोन्हीकडे जाऊ शकतं, होऊ दे वाद, त्यातूनच डोक्यात बसतं. शेजाऱ्यांचं पण तसंच, शेजारचे एक काका की शेजारचं सगळं कुटुंब, मराठीत नुसत्या शब्दावरून कळत नाही, इंग्रजीत मात्र “नेबर’स” की “नेबर्स’” हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं.

प्रश्न : मॅडम, मी निबंधात पत्रादेवीवर लिहिलं होतं आणि हुतात्मा स्मारकाला “मार्टर’स मेमोरियल” लिहिलं. सरांनी खूण खोडून पुढे नेली. बोलताना तर दोन्ही सारखंच ऐकू येतं, मग एवढा काय फरक पडतो? (इयत्ता नववी, पेडणे)

उत्तर : ऐकू सारखंच येतं हे तुझं बरोबर आहे. मार्टर्स म्हणजे नुसते अनेक हुतात्मे, मार्टर’स म्हणजे एका हुतात्म्याचं, मार्टर्स’ म्हणजे अनेक हुतात्म्यांचं, तिन्हींचा उच्चार एकच. म्हणून इथे कानावर विसंबून चालत नाही, हा फरक फक्त कागदावर राहतो, आणि कागदावर तो फार मोठा आहे.

तू ज्या जागेबद्दल लिहिलंस तिथे काय झालं ते आठव. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्त व्हावा म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यातून सत्याग्रही हातात शस्त्र न घेता सीमा ओलांडायला आले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. एक नाही, अनेक जण गेले. तू खूण आर आणि एस च्या मधे टाकलीस की वाचणाऱ्याला ते स्मारक एका माणसाचं वाटतं, बाकीचे सगळे त्या खुणेने बाहेर राहतात. म्हणून “मार्टर्स’ मेमोरियल”. त्याच निबंधात “फ्रीडम फायटर’स सॅक्रिफाइस” असं पण तू लिहिलं असशील तर तेही बघ, एकाच स्वातंत्र्यसैनिकाबद्दल बोलतोयस का सगळ्यांबद्दल?

नावात ही खूण किती नेमकं सांगते त्याचं एक उदाहरण देते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला एक क्वीन्स कॉलेज आहे आणि केंब्रिजला पण एक क्वीन्स कॉलेज आहे, उच्चार तोच. ऑक्सफर्डचं लिहितात “क्वीन’स”, कारण ते १३४१ मध्ये सुरू झालं तेव्हा एका राणीच्या, फिलिपाच्या, नावाने सुरू झालं. केंब्रिजचं लिहितात “क्वीन्स’”, कारण ते १४४८ मध्ये मार्गारेट ह्या राणीने स्थापन केलं आणि पुढे १४६५ मध्ये एलिझाबेथ वुडव्हिल ह्या दुसऱ्या राणीने परत उभं केलं, म्हणजे राण्या दोन. ज्याला माहीत आहे त्याला फक्त खूण बघून कळतं की कुठल्या कॉलेजचं पत्र आलंय.

प्रश्न : मी ऑफिसात क्लार्क आहे. मागच्या अंकातलं “थ्री डेज’ लीव्ह” मला छपाईची चूक वाटली. दिवस काय रजेचे मालक आहेत का? (फोंडा)

उत्तर : छपाईची चूक नव्हती, मुद्दाम तसं दिलं होतं. मालकीचा अर्थ इथे शब्दशः घेऊ नका. मराठीत आपण तीन दिवसांची रजा म्हणतो, दोन महिन्यांचं भाडं, दहा वर्षांचा अनुभव म्हणतो, तिथे पण चा-ची-चं आहेच ना, आणि दिवस कशाचे मालक नाहीत. वेळ मोजताना इंग्रजी पण तेच करते. “वन डे’स लीव्ह”, “थ्री डेज’ लीव्ह”. “वन मंथ’स नोटीस”, “टू मंथ्स’ रेंट”. बायोडेटात “टेन इयर्स’ एक्सपिरियन्स”. नियम पहिल्या उत्तरातलाच, डेज आधी पूर्ण लिहा आणि पुढे खूण लावा.

दुसरी पद्धत पण तितकीच बरोबर आहे, “थ्री-डे लीव्ह”, मधे आडवी रेघ, डे ला एस नाही आणि खूण पण नाही. आपल्याकडे दर वर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती ६१ दिवसांची बंदी “सिक्स्टी-वन डेज’ बॅन” अशी पण लिहिता येते आणि “सिक्स्टी-वन-डे बॅन” अशी पण. दोन्ही पद्धती एकत्र कालवायच्या नाहीत एवढंच, “थ्री-डेज लीव्ह” किंवा “थ्री डे’स लीव्ह” असं काहीतरी होतं मग. आणि फारच शंका आली तर “लीव्ह फॉर थ्री डेज” लिहून द्या, त्यात खुणेचं काम नाही आणि साहेबांनाही कळतं. गणेश चवथीच्या रजेचा अर्ज घाईघाईत लिहिताना हाच मार्ग बरा.

प्रश्न : नवीन घराला नावाची पाटी करायची आहे. “द नाईक’स” लिहायचं की “द नाईक्स”? पाटी करणारा म्हणतो खूण पाहिजेच, सगळे लावतात. शेजारी फर्नांडिस आणि समोर डिसोझा आहेत, त्यांच्याही पाटीत वेगवेगळं आहे. (म्हापसा)

उत्तर : पाटी एकदा दगडात कोरली की ती तशीच राहते, म्हणून आधी विचारलंत ते चांगलं केलंत. इथे नाईक कुटुंब राहतं एवढंच सांगायचं असेल तर ते साधं अनेकवचन आहे, “द नाईक्स”, खूण अजिबात नको. हे नाईकांचं घर आहे असं सांगायचं असेल, म्हणजे पुढे घर हा शब्द मनातल्या मनात धरलेला असेल, तर “द नाईक्स’”, खूण शेवटी. “द नाईक’स” मात्र नको, त्याने कुठल्यातरी एकाच नाईकाचं असं होतं आणि आडनावाच्या आधी द लावल्यावर ते आणखीनच विचित्र दिसतं. लग्नपत्रिकेत पण हेच, “द कामत्स इन्व्हाइट यू”, तिथे खूण लावायचं काही कारणच नाही कारण तिथे कुणाचं काहीच नाहीये, कामत मंडळी नुसती बोलावतायत.

फर्नांडिस, गोम्स, डायस, रॉड्रिग्स ही आपल्याकडची आडनावं मुळातच एस वर संपतात आणि लोकांना वाटतं की एस आहे म्हणजे अनेकवचन झालंच. नाही झालं. एका माणसाचं घर असेल तर “मिस्टर फर्नांडिस’स हाऊस”, काही लोक शेवटचा एस न लावता “फर्नांडिस’” लिहितात आणि तेही चालतं. पण सगळ्या कुटुंबाबद्दल बोलायचं तर बसचं जसं बसेस होतं तसं फर्नांडिसचं फर्नांडिसेस करावं लागतं, आणि त्यांचं घर म्हणजे “द फर्नांडिसेस’ हाऊस”. लांब वाटतं, पण बरोबर तेच.

डि’सोझामधली डी नंतरची खूण वेगळी आहे, तिचा मालकीशी संबंध नाही. मूळ डे सोझा, त्यातला ई गळला आणि त्याच्या जागी खूण राहिली. म्हणून कुटुंबाचं घर लिहिताना “द डि’सोझाज’ हाऊस” अशा दोन खुणा येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. पण ह्यात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ह्या खुणेचं मूळ कामच गळलेलं अक्षर दाखवणं. इंग्रजीत ती सोळाव्या शतकात फ्रेंचकडून आली ती त्याच कामासाठी, डू नॉटचं डोन्ट करताना ओ गेला तिथे आपण अजून लावतोच. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना षष्ठीत ई आणि एस असा प्रत्यय लागायचा, पुढे त्यातला ई बोलण्यातून गेला आणि त्या जागी खूण बसली. म्हणजे एकवचनातली “गर्ल’स” मधली खूण आणि डिसोझामधली खूण एकाच घराण्यातल्या आहेत. अनेकवचनात एस च्या नंतर खूण लावायची पद्धत मात्र बरीच उशिराची, अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळलेली, तिथे कुठलं अक्षर गळलेलं नाही, ती फक्त वाचणाऱ्याला मालक अनेक आहेत हे कळावं म्हणून लावलेली आहे.

प्रश्न : “मदर’स डे” मध्ये खूण आधी आणि “टीचर्स’ डे” मध्ये नंतर, असं का? जगात आया अनेक आहेत. शाळेच्या बॅनरसाठी सगळ्या दिवसांचं एकदाच सांगाल का? (पणजी)

उत्तर : सांगते. ५ सप्टेंबर, “टीचर्स’ डे”, सगळ्या शिक्षकांचा दिवस. १४ नोव्हेंबर, “चिल्ड्रन’स डे”. ८ मार्च, “विमेन’स डे”, आणि हे लिहिताना वुमन नाही, विमेन, म्हणजे एम नंतरचं अक्षर ई, बॅनरवर इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. “मदर’स डे” एकवचनात आहे कारण ज्यांनी अमेरिकेत तो सुरू केला त्या ॲना जार्विस यांचा आग्रह तसाच होता, प्रत्येक घराने आपापल्या आईचा मान करावा, जगातल्या सगळ्या आयांचा एकत्र नव्हे. १९१४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी तो जाहीर केला तेव्हाही एकवचनच राहिलं, मग फादरच्या दिवसाला पण तेच लागलं.

आपल्या गोव्यातले सण घ्या. १ नोव्हेंबर “ऑल सेंट्स’ डे”, २ नोव्हेंबर “ऑल सोल्स’ डे”, दोन्हींत सगळे म्हटलंय तर खूण शेवटीच येणार. ६ जानेवारीला रेइश मागुश, चांदर आणि कासावलीला तीन राजांचं फेस्त असतं, “थ्री किंग्स’ फीस्ट”, थ्री हा शब्दच सांगतो की राजे किती. शाळेच्या इंग्रजी मासिकात ह्यावर लेख आले की “किंग’स” हमखास असतं, संपादन करणाऱ्या शिक्षकांनी तेवढं बघून घ्यावं.

प्रश्न : आमच्या संघटनेच्या लेटरहेडवर “टीचर्स असोसिएशन” असं बिनखुणेचं छापलंय. चूक आहे का? नवीन छापायचे तर खर्च आहे. (मडगाव)

उत्तर : नवीन छापू नका. शिक्षकांची संघटना असं मालकीने घेतलं तर “टीचर्स’” होतं, पण टीचर्स हा शब्द पुढच्या शब्दाचं नुसतं वर्णन करतोय, कसली संघटना तर शिक्षकवाली, असं घेतलं तर खूण लागत नाही आणि बऱ्याच ठिकाणी ती लावत नाहीत. रजिस्टर झालेलं नाव जसं आहे तसंच लिहायचं असतं, दुसऱ्याच्या नावात आपण खूण घालायची नाही आणि काढायचीही नाही. लंडनच्या मेट्रोत “अर्ल’स कोर्ट” नावाचं स्टेशन आहे आणि त्याच्या लगेच पुढचं “बॅरन्स कोर्ट”, एकाला खूण आहे, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही बरोबर. वॉटरस्टोन्स ह्या तिथल्या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ मध्ये नावातली खूण काढूनच टाकली. अमेरिकेत तर १८९० पासून नकाशावरच्या जागांच्या नावांत मालकीची खूण शक्यतो ठेवायचीच नाही असं धोरण आहे, “मार्था’स व्हिनयार्ड” ह्या बेटाला ती १९३३ मध्ये परत मिळाली तो मोठा अपवाद.

पण ही सवलत एस वर संपणाऱ्या शब्दांनाच. महिला मंडळाने “विमेन्स” किंवा बालभवनाने “चिल्ड्रन्स” असं बिनखुणेचं छापलं तर ते मात्र बदलून घ्यावं, कारण आधी म्हटलं तसं हे शब्दच नाहीत. आणि पत्रात स्वतःचं वाक्य लिहाल तेव्हा, म्हणजे शिक्षकांच्या मागण्या, पालकांच्या तक्रारी असं, तिथे “टीचर्स’ डिमांड्स”, “पेरेंट्स’ कंप्लेंट्स” अशी खूण लावाच. तिथे वर्णन नाही, खरीच मालकी आहे.

प्रश्न : किनारपट्टीवर “रूम’स अव्हेलेबल”, “टॅक्सी’स”, “स्कूटर’स ऑन रेंट” असे बोर्ड दिसतात. हे बरोबर? (कळंगुट)

उत्तर : नाही. तिथे कुणाचं काही नाहीये, खोल्या नुसत्या अनेक आहेत. “रूम्स”, “टॅक्सीज”, “स्कूटर्स”. टॅक्सीचं अनेकवचन नुसता एस लावून होतं. साध्या अनेकवचनाला खूण लावायची ही चूक इंग्लंडमध्ये पण इतकी जुनी आहे की तिला भाजीवाल्यांची अपॉस्ट्रॉफी असं नावच पडलंय. एटीएम्स, पीसीज ह्यांनाही नको, आणि साठचं दशक लिहिताना १९६० ला नुसता एस पुरे. बोर्ड रंगवणाऱ्याला तुम्ही कागदावर जसं लिहून द्याल तसं तो रंगवतो, तेव्हा कागदच नीट द्या.

प्रश्न : माझ्या बहिणीचं घर “माय सिस्टर’स हाऊस”, दोन बहिणींचं एकच घर असेल तर “माय सिस्टर्स’ हाऊस”, एवढं कळलं. पण दोघींची नावं घेतली तर? आणि दोन्ही नणंदांच्या मुलांच्या शाळेची फी असं लिहायचं झालं तर किती खुणा लावायच्या? (काणकोण)

उत्तर : नावं घेतली आणि वस्तू दोघींची मिळून एकच असेल तर खूण फक्त शेवटच्या नावाला, “सुनीता अँड अनिता’स हाऊस”. दोघींची घरं वेगवेगळी असतील तर दोघींना वेगळी खूण, “सुनीता’स अँड अनिता’स हाउसेस”. नावाच्या जागी तो-ती-ते आलं तर खूण अजिबात नाही, त्यांचं घर झालं “देअर हाऊस”, आणि घर त्यांचं आहे म्हणायचं तर “द हाऊस इज देअर्स”, ह्या देअर्समध्ये एस असला तरी खूण लागत नाही, अवर्स आणि युअर्समध्येही नाही.

नणंदेसाठी इंग्रजीत सिस्टर-इन-लॉ. दोन असतील तर अनेकवचन पहिल्या शब्दाला, “सिस्टर्स-इन-लॉ”. मालकी मात्र सगळ्यात शेवटी लागते, “सिस्टर्स-इन-लॉ’स”, म्हणजे एकाच शब्दात अनेकवचनाचा एस आधी आणि मालकीचा शेवटी. मग त्याला “चिल्ड्रन’स” आणि त्याला “स्कूल फीज” जोडत गेलात तर नियमाने ते बरोबर आहे, पण वाचणारा अर्ध्यात थांबतो. अशा वेळी ऑफ वापरा आणि वाक्य मोडून लिहा, “द स्कूल फीज ऑफ माय सिस्टर्स-इन-लॉ’स चिल्ड्रन”, एक खूण तरी कमी होते. त्याहून सोपं म्हणजे मुलांची नावं घाला, “रोहन’स अँड स्नेहा’स स्कूल फीज”, आणि कंसात भाचरं आहेत एवढं सांगा. बँकेत किंवा शाळेत अर्ज द्यायचा असेल तर मी तरी नावंच घालेन.